मेंढरांनी मोडलेला माग

माझ्या नातवाला त्याच्या कॉलेजातल्या एका पोरानं तोंडावर म्हटलं, "तुझ्या आज्यानं सोताच्या बायकोला पोलिसात दिलं होतं." नातू हिंगोलीला शिकतो आणि ते पोरगं आमच्या शिवेला लागून असलेल्या गावचं. नातू घरी आला, जेवला, हात धुतले आणि मग मला विचारलं, "आजोबा, हे खरं हाय का?"

मी म्हटलं, "खरं हाय."

तो उठून आत गेला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. माझी बायको गिरजा असती तर तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं असतं आणि मधे मधे मलाही चार शब्द सुनावले असते. ती या श्रावणात गेली, म्हणून सांगायची पाळी माझ्यावर आली. दिवाळीच्या अंकासाठी जुन्या धंद्यांचे अनुभव गोळा करून राहिलेत, असं गावातल्या गुरुजींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी लिहितो. माझी शाळा निजामी राज्यातली, उर्दूची, ती लवकरच सुटली. मराठी अक्षर मी बाप झाल्यावर गिरवलं. चुकलं तर सांभाळून घ्या असं म्हणणार नाही. वाचता आलं नाही तर कळवा, परत लिहून देतो.

माझा धंदा माग काढण्याचा होता. आमचं घर हटकरांचं. गाव बाळापूरच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. मेंढरं राखायची, कोरडवाहू करायची, आणि कोणाचं जनावर चोरीला गेलं की जमिनीवरचे पाय बघत चोरामागं जायचं. हे काम आमच्या घरात कधीपासून होतं ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या बदल्यात सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर जोंधळा मिळायचा. कोणी द्यायला कुचराई केली तर बा एवढंच म्हणायचा, "नगं देऊ. बैल गेला की तूच शोध." मग दोन सुपं यायची.

काम साधं होतं, पण त्याला रीत होती. चोरी झाली हे कळलं की घरच्या माणसानं पहिलं काम काय करायचं, तर चोराच्या चांगल्या उमटलेल्या पायावर टोपलं पालथं घालायचं. बोंबलायचं नंतर. टोपलं घातलं नाही तर बघायला येणारे लोकच माग तुडवून टाकतात. मग आम्ही जायचो, टोपलं उचलायचो आणि जोंधळ्याचं धांडं त्या पायाच्या लांबीला मोडून घ्यायचो. ते धांडं म्हणजे आमची मोजपट्टी. सकाळी आणि दिवस कलताना माग चांगला दिसतो, कारण ऊन आडवं पडतं आणि पायाच्या काठाला सावली धरते. दुपारी डोळे फोडून घेण्यापेक्षा झाडाखाली बसलेलं बरं. मागावर पाय द्यायचा नाही, मागाच्या कडेनं चालायचं. नवखे लोक हे विसरतात.

आणि सगळ्यात मोठी रीत शिवेची. माग आमच्या शिवेपर्यंत गेला की आमचं काम संपलं. पुढच्या गावची जाणती माणसं बोलवायची, त्यांना माग दाखवायचा, त्यांनी तो ताब्यात घ्यायचा. त्यांनी तो आपल्या शिवेतून पलीकडं नेऊन दाखवला तर ते सुटले. माग त्यांच्या हद्दीत मोडला तर चोरीचा जवाब त्या गावानं द्यायचा. चोर कोण का असेना, भरपाई गावाची. त्यामुळं चोराला लपवणं कोणालाच परवडत नव्हतं. पोलीस लांब होते, ठाणं बाळापूरला होतं. लोक चोराला भीत नव्हते तेवढे ठाण्याला भीत होते. चोर एक बैल नेतो, ठाण्याचे लोक चौकशीला आले तर कोंबड्यांपासून सुरू करतात, असं बाया म्हणायच्या.

माझा बा या धंद्यात लई मोठा माणूस होता. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. औंढ्याकडच्या एका शेतकऱ्याची बैलजोडी गेली. गावागावांनी माग पुढं पुढं सरकवत आमच्या शिवेवर आणून दिला. बा पुढं, मी मागं. माग गावात शिरला, मारोतीच्या देवळाला वळसा घातला आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या गोठ्यापाशी गेला. आमचे मामंजी म्हणजे आत्याचे मालक दारात उभे होते. त्यांनी बाच्याकडं बघून मान हलवली, जशी घरातली माणसं घरातल्या माणसाला हलवतात. बाच्या मागं चार गावांची माणसं उभी होती. बानं धांडं मामंजींच्या पायापाशी ठेवलं आणि म्हटलं, "माग इथं थांबला."

बैल आत होते. आत्यानं त्या वर्षीपासून बाला भाऊबीजेला ओवाळलं नाही. बा दर भाऊबीजेला तिच्या ओट्यावर जायचा, बसायचा, पाणी प्यायचा आणि परत यायचा. मी एकदा विचारलं, "तुमी तो माग दुसरीकडं वळवला असता तर कोणाला कळलं असतं?"

बा म्हणाला, "दुसरीकडं म्हंजी कोणाच्या दारात? दारात तर न्यावाच लागला असता ना."

मी पुढं आयुष्यभर हे धरून चाललो. खोटा माग म्हणजे चोरी उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं. आजूबाजूच्या गावांत बाचा शब्द चालायचा तो यामुळं, आणि बा थकल्यावर माझा चालला तोही यामुळं.

गमतीही व्हायच्या. एक मोठा जमीनदार होता, नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं भली माणसं आहेत. त्याचा खिल्लारी गोऱ्हा गेला. तो म्हणाला, शेजारच्या कुळानंच नेला, माग काढ. मी गेलो तर टोपलं आधीच घातलेलं, चहा तयार, साक्षीदारही तयार. माग शेजाऱ्याच्या बांधापर्यंत सुरेख गेला होता. पण गोऱ्हा भरल्या पोटानं, सावकाश, हाताशी ओळख असलेल्या माणसासोबत चालला होता. चोरीचं जनावर असं चालत नाही, ते मागं ओढतं, कडेला जातं. मी बांध ओलांडला, नाल्यातून फिरलो आणि माग मला जमीनदाराच्याच मळ्यातल्या कोठ्यापाशी घेऊन आला. गोऱ्हा कडबा खात होता.

जमीनदार म्हणाला, "मारोती, याला घरचा वास आला असंल. आपणहून आला बघ."

मी म्हटलं, "व्हय मालक. येताना कडी पण आतून लावून घेतली त्यानं."

तो हसला. शेजारचं कूळ मात्र हसलं नाही. त्या बिचाऱ्याला घाम फुटला होता. त्या वर्षी त्या खळ्यावरून मला सूप मिळालं नाही, पण कुळाच्या बायकोनं गिरजाला लुगडं नेसवलं.

गिरजा माझ्या घरी आली तेव्हा तिला आत्याची गोष्ट आधीच कळली होती. तिला कोणीतरी घाबरवलं होतं, त्या घरात माणसापरीस माग मोठा म्हणून. ती घाबरणारी नव्हती. मेंढरांमागं हिंडताना तीही जमीन बघायला शिकली. मी घरी आलो की ती विचारायची, "आज बाळापूरच्या वाटंनं कोण गेलं सांगू का?" आणि बराबर सांगायची. बायकांना हा धंदा करू देत नव्हते. दिला असता तर माझ्यापेक्षा तिला जास्त सुपं मिळाली असती.

मग सगळं बदललं ते एकोणीसशे सत्तेचाळीसनंतर. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं स्वराज्य आलं. अलीकडं आम्ही निजामी राज्यात राहिलो. पलीकडं झेंडा लागला, अलीकडं लावला की मार. नदीकाठाला करोडगिरीचे नाके होते, म्हणजे माल इकडून तिकडं नेला की जकात घेणारी चौकी. आमच्याकडची पोरं नदी ओलांडून पलीकडच्या छावण्यांत जायची, तिथं बंदूक चालवायला शिकायची आणि येऊन नाके जाळायची. सरकार म्हणायचं हे दरोडेखोर. गाव म्हणायचं ही आपली लेकरं. मी दोन्हीकडं ऐकायचो. पायाला विचारलं तर पाय दोन्ही म्हणत नाही, तो फक्त कुठं गेला ते सांगतो.

गिरजाचा धाकटा भाऊ किसन अशा पोरांत गेला होता. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, फक्त ठाण्याला नव्हतं. किसनाचा उजव्या पायाचा अंगठा लहानपणी कुऱ्हाडीनं चिरला होता. तो मातीत उमटला की हरभऱ्याच्या दोन डाळी शेजारी ठेवल्यासारखा दिसायचा. असा पाय मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. मेंढरं तेव्हा आमच्या गायरानाच्या कडेला एका शेतात खतासाठी बसवली होती आणि गिरजा तिथंच मुक्कामाला होती. मी घरी होतो. उजाडता उजाडता ठाण्याचा जमादार दारात आला. नाका जळाला होता. अमीन, म्हणजे आताचा फौजदार समजा, नाक्यावर वाट बघत होता.

या अमीनाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. तो हैदराबादकडचा, कमी बोलणारा माणूस होता. नोकरी त्याची होती, राज्य त्याच्या मालकाचं होतं. त्याला आमची रीत माहीत होती. त्यानं येतायेताच नाक्याभोवतीच्या पायांवर टोपली पालथी घालून ठेवली होती. मी पहिलं टोपलं उचललं. खाली किसनाचा अंगठा होता.

मी धांडं मोडून घेतलं. 

अमीन म्हणाला, "मारोती, तेरी जबान पे भरोसा है मेरेकू. माग जिधर जाएगा उधर मैं आऊंगा. और जिधर टूटेगा वो गांव जवाब देगा. तुम लोगां का च कायदा है ना ये?"

मी म्हटलं, "हाय जी."

तो पुढं हळू म्हणाला की नदीच्या उतारावर जवान बसलेत, पोरं अजून अलीकडंच कुठंतरी आहेत, आणि माग त्याच्या हातून सुटला तर मग सरकारच्या बाजूचे ते दुसरे बंदूकवाले येतील. ते माग बघत नाहीत, ते घरं बघतात. काही दिवसांआधी एका गावात त्यांनी कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या, त्याचा काळा पट्टा आमच्या गायरानातून दिसत होता.

आता माझी काय गत झाली ते बघा. खरा माग दाखवला तर किसन आणि त्याच्या सोबतची पोरं सापडतात. नदीच्या अलीकडं सापडली तर त्यांना कोठडीपर्यंतही कोणी नेलं नसतं. खोटा दाखवला तर तो कुठल्यातरी गावाच्या शिवेतच जातो, आणि त्या गावाच्या गंजी जळतात. आणि काढतच नाही म्हटलं तर माझं गाव आहेच. मी चालायला लागलो. हळू चाललो हे खरं.

जमादार आमच्याच भागातला मराठी माणूस. तो म्हणाला, "आज पायात काटा गेला का रे मारोती? बैलाच्या मागं तर पळत असतोस."

"बैलानं बंदूक घेतलेली नसती जमादारसाहेब. तुमी पुढं व्हता का?"

तो पुढं झाला नाही.

माग नाल्यातून वर आला आणि आमच्या शिवेच्या दगडापाशी पोचला. तिथं रीतीप्रमाणं माग ताब्यात घ्यायला आमचा पाटील उभा होता आणि त्याच्या शेजारी माझा म्हातारा बा काठी टेकून उभा होता. मी धांडं मागावर ठेवून दाखवलं. बानं वाकून बघितलं. त्यालाही तो अंगठा ओळखू आलाच. तो नुसता बाजूला झाला.

शीव ओलांडली आणि गायरान लागलं. आणि गायरानात माग नव्हता. होती ती नुसती खुरं. शेकड्यानं खुरं, सगळी जमीन चाळणीतून काढल्यासारखी.

अमीन म्हणाला, "ये क्या?"

"मेंढरं गेली जी."

तो उकिडवा बसला, मातीवरून हात फिरवला आणि मान वर करून विचारलं, "चरते गये, या हांके गये?"

हा प्रश्न एखाद्या साध्या जमादाराला सुचला नसता. चरताना मेंढरं पांगतात, एक इकडं तोंड घालतं, एक तिकडं. त्यांचे माग विखुरतात. हाकलली की ती एकमेकांना चिकटून चालतात, खुरांची टोकं खोल रुततात आणि लेंड्या पट्ट्यानं पडतात. इथं पट्टा होता. तो पोरांच्या वाटेवरूनच गेला होता, परत आला होता आणि पुन्हा गेला होता. कडेला एका बाईचे अनवाणी पाय होते. ते कोणाचे हे मी आंधळा झालो तरी हातानं सांगितलं असतं.

बा मला बघत नव्हता, जमीन बघत होता. त्यानंही वाचलं होतं. पाटलानं मला डोळ्यानं खुणावलं, चरत गेली म्हण.

मी म्हटलं, "हाकलून नेली."

"किसने?"

"मेंढरं माझी हायत. हाकलणारी माझी बायको."

पाटलानं तोंड फिरवलं. जमादार हसून म्हणाला, "वा रे मारोती. घरचाच चोर काढला."

गिरजाला बोलवायला जवान निघाला तर ती समोरूनच आली, काठी खांद्यावर, कुत्रं मागं. जमादारानं विचारलं, "काय गं, पाणी तिकडं अन् मेंढरं इकडं काहून आणली?"

तिनं जमादाराकडं बघितलंच नाही. ती अमीनाला म्हणाली, "माझा भाऊ इथून गेला. त्याचा पाय माझ्या मालकाला वळखू येतो, अन् मालकाला खोटं बोलता येत न्हाई. म्हणून म्या माग मोडला."

जमादारानं ते अमीनाला समजावून सांगितलं. तसं त्याला कळलं होतंच.

"किधर गये?"

"ते म्या सांगनार न्हाई. घरात दुसऱ्या कोणालाबी ठावं न्हाई. न्यायचं तर मला न्या."

मग बा पुढं आला. तो अमीनासमोर कधी बोललेला नव्हता. म्हणाला, "साहेब, कायदा तुमीच बोलले. माग जिथं मोडला तो गाव जवाब देतो. माग आमच्या शिवेत मोडला, आमच्या सुनेनं जवाब दिला. आता दुसऱ्या घराला हात लागला न्हाई पायजे."

अमीनानं गायरानावरून नजर फिरवली. मग मला म्हणाला, "आगे माग निकलेगा?"

मी म्हटलं, बघतो. आणि खरंच बघितलं. गायरानाची सगळी कड फिरलो, वाकून, आडव्या उन्हात. तिनं मेंढरं शेवटी ओढ्याच्या खडकावर नेली होती आणि तिथून चारी बाजूंनी पांगवली होती. त्या खडकावर मी हात टेकून बसलो. आयुष्यात मला माग काढण्यात हरवलं ते एकाच माणसानं, आणि ती समोर हात बांधून घेत होती. मला तेव्हाही, त्या घडीलाही, छाती भरून आली होती, हे लिहायला मी लाजत नाही.

"न्हाई निघत जी."

"सच?"

"तुमी भरोसा हाय म्हणले होते."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बाच्याकडं बघितलं आणि जवानांना परत फिरायला सांगितलं. उतारावरच्या जवानांनी पोरांना गाठलं नाही. बंदूकवाले आमच्या गावात आले नाहीत. त्यांना अमीनानं काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण मारोतीनं सांगितलं माग पुढं निघत नाही, एवढं सांगितलं असणार, आणि ते चाललं असणार.

गिरजानं जाताना काठी माझ्या हातात दिली. म्हणाली, "कोकरं भुकी हायत. आधी त्यांना आयांपाशी सोडा." तेव्हा आम्हाला लेकरू नव्हतं. तिची लेकरं तीच होती.

तिला आधी बाळापूरला ठेवलं, मग कळमनुरीच्या कोठडीत. मी बाजाराच्या दिवशी भाकरी घेऊन जायचो. दारावर एक म्हातारा मुसलमान जवान असायचा, बाळापूरचाच. तो भाकरी उलगडून बघायचा नाही, तशीच आत द्यायचा आणि म्हणायचा, "भावजय, घरचं आलं." ती गजाआडून मेंढरांची चौकशी करायची. खरूज झाली का, काळी व्याली का. माझी चौकशी करायची नाही. मला वाटायचं, हिच्या मनात राग आहे.

गावात माझ्याशी कोणी बोलेना. पाणवठ्यावर बाया मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माग सांगणारा बरा, पण बायको सांगणारा पाहिला न्हाई बाई." त्यांच्या गंजी शाबूत होत्या, घरं शाबूत होती. मी मेंढरांना पाणी पाजून निघायचो. बा तेवढा माझ्यासोबत ओसरीवर जेवायला बसायचा, रोज, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा.

भादव्यात हिंदी फौज आली. निजामी राज्य गेलं, कोठड्या उघडल्या. किसन नदी ओलांडून आला तेव्हा त्याच्या डोक्याला फेटा बांधून वाजतगाजत गावात आणला. कालचा दरोडेखोर आज देशभक्त झाला. पाय तोच, अंगठा तोच. मी त्याच्या फेट्यावर जळत नाही, तो चांगला गडी होता आणि बहिणीच्या पायावर डोकं ठेवून रडला. पण सरकार बदललं की एकाच मागाचं नाव बदलतं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

गिरजासाठीही ढोल शिवेवर नेला होता. ती थांबली नाही. सरळ वाड्याकडं गेली, म्हणजे आमच्या मेंढरांच्या वाड्याकडं, आणि एकेकाच्या तोंडात हात घालून दात बघत बसली. संध्याकाळी उंबऱ्यात बसल्यावर मी म्हटलं, "म्या तुझं नाव सांगितलं."

"मग? दुसऱ्या कोणाचं सांगनार होते?"

"गाव मला बोलून राहिलं."

"गावाला काय कळतं. तुमी चरत गेली म्हणाले असते तर त्यो अमीन समजला असता. त्यानं दुसरा माग काढणारा आणला असता, न्हाईतर ते बंदूकवाले. मग पुढं माग निघत न्हाई म्हणून तुमी किती सांगितलं असतं तरी कोण ऐकलं असतं?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी खरं बोलनार हे मला ठावं होतं. त्याच्याच भरवशावर म्या मेंढरं नेली. आता उठा, चूल पेटवा. कोठडीत बसून बसून माझे गुडघे धरलेत."

मी चूल पेटवली. त्या दिवसापासून मला कोणी काही म्हटलं तरी लागलं नाही. आज लागलं, कारण ते नातवाला म्हटलं.

पुढं कधीतरी तालुक्याहून माणसं आली, कोण कोण जेलात गेलं त्याची नोंद करायला. गिरजा म्हणाली, "म्या मेंढरं हाकलली, राज्य न्हाई. किसनाचं लिहा." ते लिहून गेले. मी तिला सांगितलं, तू वेडी आहेस. ती म्हणाली, व्हय.

माझा धंदा नंतर फार वर्षं राहिला नाही. आधी टायरच्या चपला आल्या, सगळ्यांचे पाय सारखे झाले. मग वारंग्याच्या फाट्यावर ट्रक उभे राहायला लागले. बैल ट्रकात चढला की माग संपला. शिवेची रीतही गेली. आता चोरी झाली की लोक शिवेवर जात नाहीत, आधी पुढाऱ्याकडं जातात आणि विचारतात, चोर कोणाच्या पार्टीचा आहे. मग ठाण्यात जायचं की नाही ते ठरतं. माझ्या बाच्या काळी चोर गावाला लाज आणायचा. माझ्या काळात चोर कोण हेच एका रात्रीत बदललं. माझ्या पोराच्या काळात लोक चोराला सोडवायला जीप करून जायला लागले. आणि नातवाला वाटतं, पोलिसाच्या प्रश्नाला ज्यानं खरं उत्तर दिलं तो खबऱ्या. त्याचंही चूक नाही. त्यानं पोलीस पाहिलेत ते मोर्च्यात काठी घेतलेले. पण त्याला एवढं कळावं, की ज्या दिवशी माझ्या एका शब्दावर पूर्ण गाव उभं होतं, त्या दिवशी तो शब्द खरा होता, आणि हे सगळ्यात आधी त्याच्या आजीला माहीत होतं.

श्रावणात ती गेली त्या सकाळी पाऊस थांबला होता. ती गोठ्यातून आली, वळचणीखालच्या ओल्या मातीत एक पाय टेकवून उंबऱ्यात चढली आणि भिंतीला धरून खाली बसली. पुन्हा उठली नाही. माणसं जमायला लागली. रडायचं सोडून मी आधी टोपलं आणलं आणि त्या पायावर पालथं घातलं. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमला.

ते टोपलं अजून तिथंच आहे. टोपल्याखालीही माग फार दिवस राहत नाही, हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. म्हणून मी ते उचलून बघत नाही. परवा हे लिहून झालं ते मी नातवाला वाचायला दिलं. त्यानं ओसरीवर बसून वाचलं आणि मग उठून वळचणीकडं गेला. टोपल्यापाशी उभा राहिला, कडेला, पाय जपून. त्याला मी कधी शिकवलेलं नाही.

सून आधी दोनदा म्हणाली होती, "मामा, कापूस वेचायला टोपलं लागून राहिलं." काल बाजारातून आली तेव्हा तिच्या डोक्यावर नवं टोपलं होतं.